टर्बोला डबा लावला म्हणजे झालं?

लातूर, नांदेड, परभणीकडच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: 'टर्बो गाडी आहे? मग ऑइल कॅच कॅन लावाच. टर्बोचं आयुष्य दुप्पट होतं, इंजिनात कार्बन धरत नाही, मायलेज वाढतं. कंपन्या मुद्दाम देत नाहीत, कारण इंजिन लवकर गेलं तर त्यांचाच धंदा. डब्यात साठलेलं ऑइल परत इंजिनात ओता, टॉप-अपचा खर्च वाचला. कुठल्याही गाडीला अर्ध्या तासात बसतो, देखभाल शून्य.' सोबत फोटो: डब्यातून बाटलीत ओतलेला काळपट चिकट द्रव, आणि 'हे सगळं तुमच्या इंजिनात जात होतं' अशी ओळ.

फोटो खरा असेलही. त्यावरून काढलेले निष्कर्ष बहुतेक चुकीचे आहेत, आणि त्यातल्या एकाच्या नादी लागलात तर चांगला चालणारा टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, हातचा जाईल.

आधी हा द्रव येतो कुठून ते बघू. पिस्टनच्या रिंगांना तोंडापाशी फट असतेच, नव्या कोऱ्या इंजिनातही. स्फोट झाला की थोडा वायू त्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, उतरतो. त्यात न जळलेलं इंधन असतं, पाण्याची वाफ असते, आणि खाली उसळणाऱ्या ऑइलचे बारीक कण त्यात मिसळतात. हा वायू कोंडून ठेवला तर सील फुटतील, म्हणून त्याला वाट द्यावी लागते. पूर्वी एक नळी काढून तो सरळ रस्त्यावर सोडत. 1960 च्या दशकात अमेरिकेत धुराचा प्रश्न पेटला तेव्हापासून तो परत इंजिनाच्या हवेत मिसळून जाळायची पद्धत आली. गॅरेजमध्ये जिला 'ब्रीदरची नळी' म्हणतात ती हीच. कॅच कॅन म्हणजे या नळीच्या मध्ये बसवलेला डबा. वायू आत येतो, थंड होतो, जाळीवर आपटतो, ऑइल-पाणी खाली साठतं आणि उरलेला वायू पुढे जातो. तत्त्व साधं आहे आणि खरं आहे. गडबड पुढच्या दाव्यांत आहे.

'टर्बोचं आयुष्य दुप्पट होतं.' हा दावा सगळ्यात जोरात सांगितला जातो, म्हणून आधी तोच घेऊ. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, छोट्या इंजिनांत दोन लाखांपर्यंत. तो तरंगतो ऑइलच्या पातळ थरावर. हे ऑइल पंपाकडून दाबाने येतं आणि खालच्या जाड नळीतून संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, परत पडतं. कॅच कॅन या वाटेवर कुठेच नाही. तो ब्रीदरच्या हवेवर बसतो, टर्बोच्या ऑइलवर नाही. मग बेअरिंगचं आयुष्य वाढणार कसं?

उलट बाजू बघा. टर्बोतून ऑइल परत येतं ते स्वतःच्या वजनाने, त्या वाटेवर पंप नसतो. खाली क्रँककेसमध्ये दाब वाढला की ते परत उतरत नाही, वरच तुंबतं. टर्बोच्या दांड्यावर रबरी सील नसतात. धातूच्या बारीक रिंगा असतात आणि त्या दाबातल्या फरकावरच ऑइल अडवतात. तुंबलेलं ऑइल मग त्यांना ओलांडून एकीकडे इंटरकूलरमध्ये (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर) आणि दुसरीकडे सायलेन्सरमध्ये जातं. गाडी निळा धूर मारायला लागते. आणि क्रँककेसमध्ये दाब वाढवायचा सोपा उपाय कोणता? मूळ नळीपेक्षा बारीक तोंडाचा, आतली जाळी चिकटाने तुंबलेला कॅच कॅन. मग 'टर्बो गेला' म्हणून हजारोंचा खर्च होतो आणि डबा बॉनेटखाली साळसूदपणे बसलेला असतो.

आपल्याकडे टर्बो मरतात ते वेगळ्याच कारणांनी. पहिलं कारण धूळ. ऊसतोडीच्या दिवसांत शेताच्या कच्च्या रस्त्यावर गाडी घातली की काळ्या मातीचा फुफाटा एअर फिल्टरवर बसतो. मग कोणी तरी तो फिल्टर काढून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने 'साफ' करतं. कागदाला बारीक भोक पडतं, ते डोळ्यांना दिसत नाही, आणि तिथून गेलेली धूळ टर्बोच्या पात्यांची धार खात राहते. दुसरं कारण म्हणजे डुप्लिकेट किंवा उशिरा बदललेलं ऑइल. तिसरं समृद्धीवर दिसतं: तासभर 120 च्या वेगाने आलेली गाडी थांब्यावर उभी करून लगेच चावी फिरवायची. टर्बो लाल तापलेला, ऑइलचा प्रवाह बंद, बेअरिंगमधलं ऑइल जागेवर जळून कोळसा. नव्या गाड्यांत टर्बोला पाण्याचं कूलिंग असतं, त्यामुळे धोका कमी झालाय. तरी जोरात पळवल्यानंतर मिनिटभर इंजिन चालू ठेवायला काही पैसे लागत नाहीत. डब्याच्या निम्म्या किमतीत चांगला एअर फिल्टर येतो.

'कार्बन धरत नाही.' इथे मजकुरात निम्मं तथ्य आहे, पण कुठल्या गाडीत ते सांगितलेलं नाही. पेट्रोल टर्बोत दोन जाती आहेत. एकीत इंधन इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, म्हणजे एमपीएफआय. पेट्रोल सतत व्हॉल्व्हवरून वाहतं, व्हॉल्व्ह आपोआप धुतला जातो. नेक्सॉनचं 1.2 टर्बो पेट्रोल या जातीचं, मॅग्नाइटचं 1.0 टर्बोही. अशा गाडीत कार्बनसाठी डबा लावणं म्हणजे न आलेल्या आजारावर औषध.

दुसऱ्या जातीत इंधन थेट सिलिंडरमध्ये जातं. ह्युंदाईचं 1.0 टर्बो जीडीआय, स्कोडा-फोक्सवॅगनची टीएसआय आणि फ्रॉन्क्समधलं बूस्टरजेट ही त्यातली. यात व्हॉल्व्हला पेट्रोलची धुलाई मिळत नाही, त्यामुळे ऑइलची वाफ त्याच्या पाठीवर बसते, भाजते आणि काळी खरपुडी धरते. अशा इंजिनाला चांगला डबा खरंच उपयोगी पडतो. महिंद्राच्या थ्रीएक्सओमध्ये एकाच गाडीत दोन्ही जातीचं 1.2 टर्बो मिळतं, त्यामुळे 'माझ्याकडे थ्रीएक्सओ आहे' एवढ्यावर सल्ला देता येत नाही, कुठलं इंजिन ते विचारावं लागतं. पण डायरेक्ट इंजेक्शनवरही 'धरत नाही' हे खोटंच. व्हॉल्व्हच्या दांड्याच्या सीलमधून थोडं ऑइल झिरपतं, जळलेला वायूही व्हॉल्व्हपाशी मागे येतो. डबा वेग कमी करतो, थांबवत नाही. टोयोटाने हा प्रश्न डब्याने सोडवलाच नाही, काही इंजिनांना दोन्ही ठिकाणी इंजेक्टर दिले.

डिझेलवाल्यांना हा मजकूर जास्त पटतो, कारण स्विफ्ट किंवा स्कॉर्पिओचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणारी नळी, उघडला की आत डांबरासारखा थर त्यांनी पाहिलेला असतो. तो थर दोघांचा मिळून बनतो: ईजीआरमधून (थोडा जळलेला धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) येणारी काजळी आणि ब्रीदरमधून येणारं ऑइल. डब्याने ऑइल कमी झालं तर काजळी कोरडी राहते, थर हळू वाढतो. एवढा फायदा मान्य. काजळी मात्र येतच राहते, त्यामुळे ईजीआर साफ करायचं काम सुटत नाही.

'कंपन्या मुद्दाम देत नाहीत.' देतात. फक्त तो बाहेरून दिसत नाही. आजच्या बहुतेक इंजिनांत ऑइल वेगळं करायची रचना टॅपेट कव्हरमध्येच, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणातच, असते. आत आडव्या-उभ्या भिंती किंवा वायूला गरगर फिरवणारे कप्पे असतात, आणि पकडलेलं ऑइल आपोआप संपमध्ये परत जातं. भाताच्या पातेल्यावरचं झाकण जे करतं तेच इथे चालतं: वाफ आपटते, थेंब होतात, खाली पडतात. बाहेरचा डबा कंपनी देत नाही, याचं कारण तो हाताने रिकामा करावा लागतो. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) कधी ओढून न पाहणाऱ्या मालकाच्या भरवशावर कुठलीही कंपनी तसा भाग देणार नाही. कटकारस्थान एवढंच. डबा जिथून आला ती जागाही बघा. रेसिंगमध्ये उघड्या ब्रीदरच्या इंजिनाला तो नियमानेच लागतो. एफआयए या जागतिक मोटार रेसिंग संस्थेच्या नियमांत 2000 सीसीपर्यंत 2 लिटरचा आणि त्यावर 3 लिटरचा डबा सांगितलाय, कारण ट्रॅकवर ऑइल सांडलं की मागचा घसरून मरतो. तिथे टर्बो वाचवायचा प्रश्नच नव्हता.

'साठलेलं ऑइल परत ओता.' नको. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफ होऊन निघतं. त्यातलं थोडं ब्रीदरच्या वाटेने डब्यात येतं आणि सोबत न जळलेलं इंधन. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो. त्या दिवसांत घर ते बाजार, बाजार ते घर अशी छोटी चक्कर मारणाऱ्या गाडीच्या डब्यात ऑइलपेक्षा पाणी जास्त निघतं, रंग दुधट चॉकलेटी. मे महिन्यात त्याच गाडीत जवळपास काही सापडत नाही, कारण बॉनेटखाली इतकं तापतं की वाफ थिजतच नाही, तशीच पुढे जाते. हे इंजिनात ओतणं म्हणजे पैसे देऊन घेतलेल्या ऑइलमध्ये पाणी-पेट्रोल कालवणं. गावाकडे जळकं ऑइल वाळवी लागू नये म्हणून दारा-खिडक्यांच्या चौकटींना फासतात, पण या पाणचट ऑइलचा तिथेही उपयोग नाही. नाल्यात तर ओतूच नका, गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या पिंपात द्या.

'कुठल्याही गाडीला अर्ध्या तासात बसतो.' बसतो, पण बरोबर बसतो का ते वेगळं. टर्बो पेट्रोलमध्ये ब्रीदरच्या वाटा दोन असतात. हलक्या पायाने चालवताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो आणि वायू पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसचा वायू सोडणारी झडप) तिकडे ओढला जातो. पाय दाबला, बूस्ट आला, म्हणजे टर्बो हवा दाबून भरू लागला, की तो व्हॉल्व्ह मिटतो आणि वायू दुसऱ्या नळीने टर्बोच्या तोंडाशी जातो. बाजारातला एक-आत-एक-बाहेरचा डबा यातल्या एकाच वाटेवर बसतो, आणि बहुतेक वेळा सोप्या वाटेवर. म्हणजे जास्त ऑइल येतं तेव्हा, बूस्टवर, डबा कामालाच नसतो.

डब्याच्या आत काय आहे हेही कोणी बघत नाही. लातूरला अंबाजोगाई रोडवरच्या एका गॅरेजात फिटरने असा एक चकचकीत निळा डबा माझ्यासमोर उघडला. दोन नळ्यांची तोंडं समोरासमोर, मध्ये ना भिंत, ना जाळी. 'बगा साहेब, इकडून यायलंय अन् तिकडून जायलंय. ह्येच्यात काहीच नाही.' तळाशी ऑइलचा नुसता पुसट ओलावा होता. नळीही साध्या सिलिकॉनची. तिच्यातून ऑइल पाझरतं, बाहेरून चिकट होते आणि त्यावर धूळ बसते.

काही जण आणखी पुढे जाऊन डब्याच्या डोक्यावर छोटा फिल्टर लावतात आणि वायू सरळ हवेत सोडतात. हवा मोजणाऱ्या सेन्सरचा हिशेब त्याने बिघडतो, केबिनमध्ये वास येतो. बीएस-6 पेट्रोल गाडीत क्रँककेसचा वायू बाहेर सोडायला परवानगी नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली गाडीत मनाने फेरफार करण्यावर बंधनं आहेत. वॉरंटीत असताना इंजिनाचं काम निघालं, तर सर्व्हिस सेंटरवाला आधी या डब्याकडेच बोट दाखवेल.

मायलेजचा दावा एका वाक्यात संपतो: इंधन किती जळावं हे ठरवणाऱ्या कुठल्याही गोष्टीला डबा हात लावत नाही.

आता तो बाटलीचा फोटो. मजकूर सांगतो, जेवढं जास्त ऑइल तेवढा डबा भारी. दोन सर्व्हिसच्या मध्ये डबा काठोकाठ भरत असेल, तर बातमी डब्याची नाही, रिंगांची आहे. आजार म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला. आमच्याकडे ट्रॅक्टरवाल्यांना हे पाठ असतं: इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा, डिपस्टिक वर ओढा. भकाभका धूर आला तर 'बॅक कॉम्प्रेशन मारायलंय', हाफ इंजिनचं, म्हणजे पिस्टन-रिंगांचं, काम निघालं. कारलाही तीच तपासणी लागू. सोबत कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलून बघा. तो काही शे रुपयांत येतो आणि बऱ्याचदा दोष त्याचाच निघतो.

राहिला शेवटचा शब्द, 'देखभाल शून्य'. डायरेक्ट इंजेक्शनची गाडी असेल, ट्यून करून बूस्ट वाढवला असेल, तर आत भिंती आणि जाळी असलेला डबा घ्या. नळ्या मूळच्याच जाडीच्या, ऑइल सोसणाऱ्या रबराच्या, मध्ये कुठे झोळ न पडणाऱ्या. डबा टर्बोपासून लांब, हवा लागेल तिथे. दोन्ही वाटांवर बसवणारा मेकॅनिक शोधा. मग दर दोन-तीन हजार किलोमीटरला तो उघडून रिकामा करा, थंडीत त्याआधी. विसरलात आणि डबा भरला, तर एखाद्या ओव्हरटेकला सगळं साठलेलं ऑइल एकदम आत ओढलं जातं. पेट्रोल गाडी धूर मारून खोकते, प्लग खराब होतात. डिझेल गाडी ऑइलवरच पळायला लागते. चावी काढली तरी इंजिन थांबत नाही, आरपीएम चढतच राहतो, कारण डिझेल बंद केलंय, ऑइल नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरला क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन दबून बंद पडतं. ऑटोमॅटिकमध्ये तोही मार्ग नाही. हवेची वाट बंद करणं एवढंच उरतं, आणि त्यासाठी त्या वेळी बॉनेटखाली हात घालण्यापेक्षा गाडीपासून लांब उभं राहिलेलं बरं.