खोडरबर, रॅम आणि पुण्याहून आलेली प्रतिक्रिया

नमस्कार,

जुना कॉम्प्युटर मधेच हँग होत असेल तर घरच्या घरी काय काय बघता येतं यावर मी मागे लिहिलं होतं, त्यावर 'एक आयटीवाला, पुणे' या नावाने एक भलीमोठी प्रतिक्रिया आलीये. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यांचं म्हणणं असं की रॅम (मशीनची मेमरीची पट्टी) काढून खोडरबराने घासायचा सल्ला म्हणजे गावठी उपाय, रॅमच्या पिनांना सोन्याचा मुलामा असतो, सोनं गंजत नाही, रबराने उलट मुलामाच जातो. सीमॉसच्या सेलचा (बोर्डावरची तारीख आणि सेटिंगं जपणारी गोल बॅटरी) हँग होण्याशी काही संबंध नाही. बॅकअप घ्या हे मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, आणि डिस्क मरायला टेकलेली असताना तिच्यावर चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका शोधून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्रॅम) चालवायला सांगणं धोक्याचं आहे. आजच्या काळात सरळ एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान चिपवाली डिस्क) टाकावी, नाहीतर मशीन भंगारात द्यावं. आणि वर हे वाक्य: "अर्धवट ज्ञानावर लोकांची दिशाभूल करणं थांबवा."

आधी या वाक्याचंच बघू. दिशाभूल करून मला काय मिळणार आहे हो? माझी काय खोडरबराची एजन्सी आहे? इथे एक जाहिरात नाही, कुणाकडून एक रुपया घेत नाही, रात्री जेवण झाल्यावर बसून टाईप करतो, आणि ते पण अशा लोकांसाठी की ज्यांच्याकडे टॅली किंवा पोरांच्या अभ्यासापुरतं एक जुनं मशीन आहे आणि दुकानात नेलं की पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, "मदरबोर्ड गेलाय". चूक असेल तर दाखवा ना, शंभर वेळा दाखवा, पण बोलायची एक पद्धत असते. आणि एवढं ठासून बोलायचं तर खाली स्वतःचं नाव तरी लिहावं माणसाने. नुसतं आयटीवाला आणि पुणे लिहिलं म्हणजे बाकीच्यांनी उठून उभं राहायचं का?

आता जे बरोबर आहे ते बरोबर. सेलचं तुमचं मान्य. तो सीआर २०३२ सेल उतरला की तारीख-वेळ मागे जाते, बायोसची (मशीन चालू करणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रॅमची) सेटिंगं पुसली जातात, त्याने चालतं मशीन गोठत नाही, ते वाक्य मी काढून टाकतो. (सेटिंगं पुसल्यावर साटाचा (डिस्क बोर्डाला जोडायच्या जोडणीचा) मोड बदलतो आणि विंडोज चालू होतानाच निळा स्क्रीन देऊन बसतं, हे मी पाहिलेलं आहे, पण ते हँग नव्हे, त्यामुळे जाऊ दे.) झालं समाधान?

आता गावठी उपायाकडे येतो, कारण ते मला खरंच लागलंय.

सोनं गंजत नाही हे मला शाळेत असल्यापासून माहितीये, त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. पण रॅमची पिन म्हणजे सोन्याचं बिस्कीट नव्हे. खाली तांबं, त्यावर निकेल, आणि त्यावर सोन्याचा एक थर, जो एक मायक्रॉनसुद्धा जाड नसतो. एवढ्या पातळ थराला बारीक छिद्रं असतात, आणि त्या छिद्रांतून खालचं तांबं हवेला लागतं. हे मी मनाचं सांगत नाहीये. मुलाम्याला छिद्रं आहेत की नाही हे तपासायची पद्धतच अशी आहे की वस्तू दमट हवेत गंधकाच्या वाफेत ठेवायची, जिथे छिद्र असेल तिथे खालचं तांबं काळं पडून वर दिसायला लागतं. अमेरिकेतल्या एएसटीएम या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेचं बी ८०९ नावाचं प्रमाण आहे त्यासाठी. सोनं इतकं निर्धास्त असतं तर ही टेस्ट कशाला काढली असती कुणी?

आणि गंधक म्हटलं की नाशिकच्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही. द्राक्षावर भुरी (बुरशीचा रोग) आली की गंधक मारावंच लागतं. पिंपळगाव बसवंतच्या पुढे एका बागायतदारांकडे मला बोलावलं होतं, त्यांचा जुना कॉम्प्युटर, कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी ३१ चा बोर्ड, डीडीआर टू रॅम, हिशेबाला वापरायचे. मशीन ठेवलेलं कुठे तर ज्या खोलीत औषधं आणि गंधकाच्या बॅगा ठेवतात त्याच खोलीत, भिंतीला लागून, वर पत्रा. कॅबिनेट उघडलं तर आत पिवळसर धुळीचा थर, आणि रॅम काढून उजेडात धरली तर पिनांच्या खालच्या कडेला काळपट डाग, काही पिना लखलखीत आणि मधल्या चार-पाच अशा की जणू कुणी काजळाचं बोट फिरवलंय. दुकानवाल्याने त्यांना बोर्ड बदलायला सांगितलं होतं. मी पिना साफ केल्या, स्लॉटमध्ये ब्रश फिरवून फुंकणीने हवा मारली, रॅम तीन-चार वेळा काढून बसवली, मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून रात्रभर तसंच ठेवलं, एक एरर नाही. मशीन दुसऱ्या खोलीत हलवलं, नंतर दोन हंगाम त्यांचा फोन आला नाही, आला तो प्रिंटरसाठी. आता याला गावठी म्हणायचं तर म्हणा, तो बागायतदार काही तक्रार करत नाहीये.

रबर कुठलं, हेही मी मूळ पोस्टमध्ये लिहिलेलं आहे, तुम्ही वाचलेलं दिसत नाही. मऊ पांढरं, नॉन-डस्ट, शाळेतली पोरं वापरतात ते. ते लाल-निळं येतं त्यातली निळी बाजू अजिबात नाही, ती पेनाची शाई खोडायला असते, तिच्यात खरखरीत पूड असते आणि तिने मुलामा जातो, इथे तुमचं म्हणणं अगदी खरं आहे पण ते मी सांगितलेल्या रबराबद्दल नाहीये. हलक्या हाताने, एकाच दिशेने, दोनदा-तीनदा फिरवायचं, भांडी घासायची नाहीत. रबराचा चुरा ब्रशने पूर्ण झटकायचा, तो स्लॉटमध्ये गेला तर नवीन दुखणं. त्याआधी पॉवरची वायर भिंतीतून काढायची, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरायचं म्हणजे उरलेला चार्ज जातो, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, आणि रॅम कडेला धरायची, चिपला बोट नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर त्याने पुसा, रबरापेक्षा चांगलंच आहे, मी कधी नाही म्हटलं? पण रात्री नऊ वाजता सिडकोतल्या माणसाच्या घरात आयसोप्रोपिल नसतं, खोडरबर असतं. आणि अजून एक सांगतो जे तुम्हाला माझ्या विरोधात वापरता येईल: अर्धा फायदा रबराचा नसतोच, रॅम काढून परत बसवली की स्लॉटमधली पाती पिनेवर घासली जाते आणि कॉन्टॅक्ट आपोआप साफ होतो. म्हणून मी नेहमी सांगतो की आधी नुसती काढून घाला आणि बघा. वाचलं असतं तर दिसलं असतं.

माझं शिक्षण काय, हेही तुम्ही विचारलंय. डिग्री नाहीये कॉम्प्युटरची. ज्या काळात नाशिकला रोज लोडशेडिंग असायचं त्या काळात मी सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपांची मशीनं सांभाळायचो. लाईट गेली, आली, परत गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली, अर्थिंगचा पत्ता नाही. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या, कारण अर्थिंग नसलं की एसएमपीएसमधल्या (मशीनच्या पॉवर सप्लायमधल्या) फिल्टरमुळे पत्र्यावर २३० च्या निम्मे व्होल्ट उभे राहतात. ऑपरेटर पायात स्लिपर घालून बसायचे. तिथे शिकलो मी. तुमच्याकडे लॅपटॉप अडकला की तुम्ही ऑफिसात तक्रारीचं तिकीट टाकता आणि दुसरा लॅपटॉप येतो, वाईट नाही, पण त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत राव.

आता एसएसडी. मशीन स्लो असणं आणि मशीन हँग होणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. स्लो असेल तर एसएसडीसारखा उपाय नाही, मी स्वतः कितीतरी लोकांना टाकून दिलीये, जुन्या बोर्डावर साटा टूचा ३ गिगाबिटचा स्पीड मिळाला तरी हार्ड डिस्कच्या मानाने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पण रॅम सदोष असेल, एसएमपीएस दमला असेल, बोर्डावरचे कंडेन्सर फुगले असतील, तर एसएसडी टाकून काय होणार? पाठ दुखते म्हणून नवा चष्मा करून आणल्यासारखं आहे ते. एका सीएच्या ऑफिसात हेच झालं, रिटर्न भरायच्या गर्दीत कुणीतरी एसएसडी टाकून दिली, मशीन चटकन चालू व्हायला लागलं आणि तेवढंच चटकन हँग पण व्हायला लागलं. शेवटी मल्टिमीटर लावला, जाड चार पिनांच्या कनेक्टरची पिवळी आणि काळी वायर, मशीन चालू असताना, १२ च्या जागी ११ च्या आसपास. ११.४ च्या खाली गेला की एसएमपीएस बदलायचा, पुढे चर्चा नाही.

म्हणून मी पोस्टमध्ये सगळ्यात आधी लिहिलं होतं की हँग कसा होतो ते बघा, आणि तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत त्यावर एक अक्षर नाही. हँग झाला की कॅप्स लॉक दाबायचं. कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो म्हणजे आत कुणीतरी जिवंत आहे. माऊस हलतोय पण क्लिक केलं की काहीच नाही आणि डिस्कचा लाल दिवा पेटलेलाच राहिलाय, तर डिस्ककडे किंवा साटा केबलकडे बघा, क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ०५ आणि सी ५ च्या ओळीत (डिस्कवरच्या खराब जागा) आकडा आहे का, सी ७ (केबलमधून डेटा जाताना होणाऱ्या चुका) वाढत असेल तर पन्नास-शंभरची केबल आधी बदला. पण दिवा मेला, माऊस जागेवर थिजला, आणि स्पीकरमधून गाण्याचा एकच तुकडा टर्रर्र करत अडकला, तर मग रॅम, बोर्ड, एसएमपीएस. आणि गरम होऊन असेल तर बहुतेक वेळा आधी मशीन मंदावतं आणि मग धाडकन बंद पडतं, पण प्रोसेसरवरच्या कूलरच्या चार प्लॅस्टिक पिनांतली एखादी निसटलीये का ते बघून घ्यायला काय जातंय.

भंगाराचं म्हणाल तर, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि असल्या मशीनवर ११ अधिकृतपणे चढत नाही, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय पाहिजे, प्रोसेसर नवा पाहिजे, हे मलाही ठाऊक आहे. विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, किंवा इंटरनेट काढून नुसतं हिशेबाला ठेवा. तुमच्याकडे ज्याला भंगार म्हणतात त्यावर इथे दुकानं चालतात.

बॅकअप आणि चेकडिस्कचा मुद्दा, तर बॅकअप घ्या हे काय सांगायची गोष्ट आहे? मी ते धरूनच चाललो होतो. बरं, पोस्टच्या वर एक ओळ टाकतो: आधी पेनड्राईव्हवर फाईली काढून घ्या, आणि सी ५ मध्ये आकडा दिसला तर चेकडिस्क चालवू नका. झालं, एक ओळ.

राहता राहिलं तुम्ही सगळ्यात शेवटी, कंसात टाकलेलं वाक्य, की तुमच्या इंदिरानगरच्या काकांनी माझी पोस्ट वाचून रॅम काढली आणि आता कॉम्प्युटर चालूच होत नाही. अहो, हे आधी लिहायचं ना! एवढा राग कुठून आला ते आत्ता कळलं. काकांना विचारा चालू केल्यावर लांब-लांब बीप येतायत का. येत असतील तर रॅम पूर्ण बसलेली नाहीये. खाच जुळवून दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून स्वतःहून वर आल्या पाहिजेत, एक आली आणि एक राहिली असं चालत नाही, आणि जुन्या बोर्डाला जोर लागतो, घाबरून अर्धवट सोडतात लोक. बीपच नसेल तर काम करताना प्रोसेसरजवळची चार पिनांची पॉवर वायर निघालीये का ते बघायला सांगा. तरी नाहीच झालं तर मला मेल करा, येत्या रविवारी मी तिकडे जाणारच आहे, बघून देतो, पैसे नकोत. मल्टिमीटर माझ्याकडे आहे, काकांना फक्त टेबल मोकळं करून ठेवायला सांगा.