झोळी माझी, झोप त्यांची

गेल्या शनिवारची रात्र मी माझ्या स्वतःच्या हॅमॉकपासून, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायच्या झोळीपासून, आठ फुटांवर, एका परक्या गृहस्थांच्या घडीच्या खुर्चीत बसून काढली, आणि त्या वेळी माझ्या हॅमॉकमध्ये ते परके गृहस्थ घोरत होते. वास्तविक एवढे सांगितले म्हणजे सारे सांगून झाले, परंतु ज्यांना ज्यांना मी हे सांगितले त्यांनी आधी पोटभर हसून घेतले आणि मग "पण तुम्ही त्यांना उठवले का नाही?" असे विचारले, म्हणून थोडे मागे जाणे भाग आहे.

तंबूत जमिनीवर झोपून पाठ दुखते, एवढ्या एकाच कारणासाठी मी हॅमॉक घेतला. हॅमॉकची जी चित्रे आपण पाहतो त्यांत एक माणूस छातीवर पुस्तक आणि डोळ्यांवर टोपी ठेवून पहुडलेला असतो. त्या चित्रांत रात्रीचे तीन कधीच वाजलेले नसतात, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. दुपारची डुलकी आणि रात्रभराची झोप यांत जेवढे अंतर आहे, तेवढे जमीन आणि आकाश यांतही नसावे. हॅमॉक तर त्या दोहोंच्या अधेमधेच कुठेतरी लोंबकळत असतो.

नवशिका माणूस जी चूक करतो तीच मी केली. कपडे वाळत घालायची दोरी जशी ताणतात तसा मी तो दोन झाडांमध्ये ताणून बांधला आणि नाकासमोर सरळ रेषेत आडवा झालो. पहिल्या दहा मिनिटांत माझे दोन्ही खांदे एकमेकांच्या भेटीला निघाले, टाचा वर गेल्या, गुडघे निसर्गाने ज्या दिशेला वाकवायचे ठरवलेले नाही त्या दिशेला वाकू लागले आणि पोटऱ्यांखाली कापडाची एक ताठ वळी उभी राहिली. पाकिटात घडी करून कोंबलेल्या अर्जाला काय वाटत असेल, ते मला त्या दहा मिनिटांत उमगले.

आता असे म्हणावे की मुळात ही वस्तू झोपण्यासाठी नसावीच, तर तेही खरे नाही. कॅरिबियन बेटांवरचे तायनो लोक तिच्यात रोज झोपत असत. कोलंबसाने १४९२ साली आपल्या रोजनिशीत तिची नोंद केली, आणि त्यांच्या भाषेतला 'हमाका' हा शब्द स्पॅनिशमधून फिरत फिरत 'हॅमॉक' होऊन जगभर गेला. आजही ब्राझीलच्या ईशान्य भागात आणि मेक्सिकोतल्या युकातानमध्ये माणसे जन्मभर तिच्यात गाढ झोपतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश आरमाराने ती उचलली. पुढे तर तेथे खलाशाला हॅमॉक टांगण्यासाठी रुंदीला अवघे १४ इंच मिळत, आणि चार-चार तासांच्या पाळ्यांमुळे शेजारचा निम्मा वेळ कामावर असे, म्हणून ते १४ इंच पुरत. या माहितीतून मी एवढाच बोध घेतला की, शेकडो खलाशी जे निमूटपणे करत ते मला जमलेच पाहिजे. त्या खलाशांच्या समोर खुर्ची टाकून कोणी बसत नसे, हा मुद्दा तेव्हा माझ्या नजरेतून सुटला.

मध्यरात्रीनंतर मी पडलो. स्लीपिंग बॅग अंगाखालून सरकली होती, ती ओढून घेताना तोल गेला. उठलो, पाने झटकली, पुन्हा चढलो. अर्ध्या तासाने पुन्हा पडलो.

"दोन," अंधारातून आवाज आला.

मी पालापाचोळ्यात गुडघ्यांवर होतो. "दोन काय?"

"दुसऱ्यांदा पडलात. पहिल्या वेळी मी मुद्दाम काही बोललो नाही. म्हटले, पहिल्यांदा कोणीही पडते."

शेजारच्या तंबूबाहेर घडीच्या खुर्चीत, गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन, एक साठी ओलांडलेले गृहस्थ बसले होते. त्यांच्या हातात टॉर्च होता आणि तो, माझ्यावर कृपा म्हणून, बंद होता. आपल्याला गेली अकरा वर्षे धड झोप लागलेली नाही आणि आपले सारे आयुष्य दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेले, ही दोन्ही माहिती त्यांनी एकाच सुरात दिली. पहिलीचा दुसरीशी संबंध असावा असे मला वाटले, पण मी बोललो नाही.

"दोरी सैल आहे तुमची. ताणा जरा," ते म्हणाले.

मी ताणली. हॅमॉकचा नगारा झाला. त्यावर अंग टाकले तेव्हा कडेला कापड उरलेच नव्हते, त्यामुळे मी आत जाण्याऐवजी वरच राहिलो आणि मग वरही राहिलो नाही.

"तीन," टॉर्च आता लागला होता. "फार ताणलीत."

"तुम्हीच ताणा म्हणालात."

"मी 'जरा' म्हणालो होतो. वजन किती आहे तुमचे?"

"सत्तर."

टॉर्चचा झोत माझ्या पोटावर येऊन थांबला.

"चौऱ्याहत्तर," मी म्हणालो.

"बरोबर," ते समाधानाने म्हणाले आणि खुर्चीतच पुढे सरसावले. "आता ऐका. दोरीचा जमिनीला समांतर रेषेशी ३० अंशांचा कोन असेल, तर प्रत्येक बाजूच्या दोरीवर तुमच्या वजनाएवढाच ताण येतो, म्हणजे ७४ किलो. तुम्ही बांधलीत ती दहा अंशांत. म्हणजे प्रत्येक बाजूला," ते क्षणभर थांबले, "२१३ किलो. पाच अंश असते तर ४२० च्या वर गेले असते. ते झाड उन्मळले असते आणि मला उगीच साक्ष द्यावी लागली असती."

रात्री दीड वाजता, हातात कागद-पेन्सिल नसताना, माणसाला दहा अंशांची 'ज्या', म्हणजे साइन, पाठ असते हे मला थोर वाटले. ज्याला ती पाठ असते त्याला झोप का लागत नसावी, हेही लक्षात आले. त्यांनी मला हाताचा अंगठा आणि तर्जनी पिस्तुलासारखी धरायला लावली. तर्जनी आडवी, अंगठा सरळ वर; दोहोंच्या टोकांना जोडणारी जी काल्पनिक रेषा ती साधारण ३० अंशांत असते आणि दोरी त्या रेषेत आली पाहिजे. अंधारात एका झाडावर पिस्तूल रोखून मी उभा होतो आणि ते मागून टॉर्च धरून "अजून सैल, अजून सैल" म्हणत होते. त्यांनी झाडाभोवतीचे पट्टेही तपासले. ते अडीच सेंटीमीटरहून रुंद होते, त्यामुळे सालीला काचणार नाहीत, असा शेरा मारून त्यांनी त्यांना मंजुरी दिली. मग मध्यभागी बसल्यावर जमिनीपासून उंची खुर्चीएवढी भरते का, हे पाहण्यासाठी त्यांनी खरोखरच आपली खुर्ची आणून शेजारी ठेवली.

"आता सरळ झोपू नका. कर्णावर झोपा."

"कशावर?"

"कर्णावर! आयताचा कर्ण. पाय मधल्या रेषेच्या एका बाजूला, डोके दुसऱ्या बाजूला. तिरके झोपलात की कापड सपाट होते आणि पाठ सरळ राहते. सरळ झोपाल तर पाठ वाकडी होणार."

मी प्रयत्न केला. माझे पाय कर्णावर गेले की डोके परत मध्यरेषेवर येई, आणि डोके ठिकाणावर आणले की पाय घरंगळून मूळ जागी जात. त्यांनी जीभ टाळ्याला लावून नापसंतीचा एक आवाज काढला.

"तुम्हाला जमणार नाही. उतरा, मी दाखवतो."

इथे मी उतरलो. कर्ण म्हटल्यावर दानशूरपणा ओघाने येतोच, पण कवचकुंडले काढून देणाऱ्याला समोरचा माणूस ती परत करणार नाही याची निदान कल्पना तरी होती. हे गृहस्थ आधी मध्यभागी बसले, हाताने कापड पसरले, माझी छोटी उशी उचलून गुडघ्यांखाली सारली ("गुडघ्यांना आधार हवा, नाहीतर ते उलटे ताणतात"), आणि कागदावर पट्टीने रेघ मारावी तसे तिरके आडवे झाले. आयुष्यात पहिल्यांदाच हॅमॉकमध्ये चढत होते, हे त्यांनीच चढताना सांगितले.

"हे पहा. पाठ सरळ. खांदे मोकळे. आता मानेचे असे करायचे की..."

मानेचे कसे करायचे ते मला त्या रात्री कळले नाही. दोष माझाही आहे. ते आडवे होत असताना मी केवळ सौजन्याने, एका हाताने, हॅमॉकला हलकासा झोका देत होतो. जिनिव्हातल्या संशोधकांनी २०११ मध्ये १२ पुरुषांना दुपारी पाऊण तास झुलत्या पलंगावर झोपवून पाहिले होते. दर चार सेकंदांना एक या संथ लयीत झुलवले तर माणूस लवकर झोपी जातो, असे त्यांना आढळले. २०१९ मध्ये १८ जणांवर संपूर्ण रात्रीचा प्रयोग झाला आणि झोप अधिक गाढ लागते असेही दिसले. झुलवणाऱ्याचे पुढे काय होते, याची नोंद त्यांनी केलेली नाही. त्यांच्याकडे त्या कामाला यंत्र होते.

उठवले का नाही, असे विचारणाऱ्यांना माझा उलट प्रश्न आहे: अकरा वर्षांनी झोपलेल्या माणसाला तुम्ही कोणत्या तोंडाने उठवाल? त्यांच्या तंबूत जावे, तर तेथे त्यांच्या पत्नी झोपल्या होत्या. माझी स्लीपिंग बॅग त्यांच्या अंगाखाली होती. उरली ती खुर्ची, आणि तिच्यावरचे ब्लँकेट.

चंद्र वर आला होता. त्याच्याकडे पाहताना आठवले की, जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या चांद्रयानात हॅमॉक नव्हते. ऑल्ड्रिन जमिनीवर आणि आर्मस्ट्राँग इंजिनाच्या झाकणावर पडून राहिले, आणि दोघांनाही धड झोप आली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात अपोलो १२ बरोबर मात्र हॅमॉक पाठवण्यात आले. म्हणजे चार महिन्यांत चंद्रावरच्या लोकांचीसुद्धा सोय झाली. शिवाय ते दोघे निदान स्वतःच्या यानात जागत होते आणि त्यांच्या जागेवर कोणी घोरत नव्हते.

खुर्चीत थंडी वाजू लागली तेव्हा मला कळले की, त्याआधी हॅमॉकमध्ये कितीतरी अधिक वाजत होती. याविषयी मात्र मला गंभीरपणे बोलायचे आहे. अंगाच्या भाराने स्लीपिंग बॅगचा खालचा भाग दाबला जातो, त्यात अडकलेली हवा निघून जाते आणि ऊब धरून ठेवणारी तीच हवा असल्यामुळे पाठीखाली नावापुरते कापड उरते. त्याच्याही खालून वारा वाहत असतो. म्हणून हॅमॉकच्या बाहेरून, खालच्या अंगाला, न दाबली जाणारी एक वेगळी रजई टांगावी लागते. ही रजई वेगळी विकत मिळते. झाडाला बांधायचे पट्टे वेगळे, डासांची जाळी वेगळी, पावसाचे छत वेगळे. वेष्टनावर गाढ झोपलेल्या माणसाचे चित्र छापायचे आणि आत झोपेचा चौथा हिस्सा भरायचा, याला काय म्हणावे? पलंग घ्यायला गेलेल्या माणसाला कोणी "पाय हवे असतील तर पलीकडच्या दालनात मिळतील" असे सांगत नाही.

पाचच्या सुमारास तंबूची चेन सरकली आणि त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिले; खुर्चीत त्यांच्या पतीचे ब्लँकेट होते, आणि ब्लँकेटात मी.

"हे कुठे आहेत?"

मी बोट दाखवले. त्या जवळ गेल्या, वाकून पाहिले, आणि परत येताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होते त्याला आनंद म्हणावे की संताप, हे मला ठरवता आले नाही.

"अहो, पण मला..." मी सुरुवात केली.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "झोपलेत."

गृहस्थ साडेसहाला उठले. उतरताना ते पडले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. आभार वगैरे काही झाले नाही. त्यांनी थेट तपासणीचा अहवालच सादर केला. मान किंचित आखडली आहे, तेव्हा पायांकडची बाजू डोक्याकडच्या बाजूपेक्षा वीतभर वर बांधावी, म्हणजे माणूस पायांकडे घसरत नाही. खालून फार गार लागते, त्याचे काहीतरी पाहावे. "बाकी ठीक," ते म्हणाले, आणि माझ्याकडे निरखून पाहत पुढे म्हणाले, "तुम्ही मात्र झोपेकडे लक्ष द्या. चेहरा ओढलेला दिसतो."

आठ वाजता ते खुर्ची आणि तंबू गाडीत टाकून निघून गेले.

परवा मी हॅमॉक पुन्हा बांधला. पिस्तूल रोखून ३० अंश पाहिले, पायांकडची बाजू वीतभर वर घेतली, खालून रजई टांगली आणि कर्णावर आडवा झालो. सकाळपर्यंत एकदाही जाग आली नाही, आणि त्याचा मला अजूनही राग येतो. माझी उशी त्यांच्या गाडीतून गेली. गुडघ्यांखाली सध्या टॉवेलची गुंडाळी घेतो.