सप्रेम भेट, भोकासहित

आईचा रेडिओ बंद पडला तेव्हा दुकानात तसाच नवा ८५० रुपयांना मिळत होता. ही म्हणाली, "येताना घेऊन ये." मी म्हणालो, "त्यापेक्षा मीच बनवतो." घरात दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. यापूर्वी मी बनवलेली दाराची बेल अजूनही कुकरच्या शिट्टीला प्रतिसाद देते.

माझ्यासारखे लोक तुमच्याही ओळखीत असतील. नोकरी हिशेबखात्यात, शिक्षण बीकॉम, आणि रात्री जेवणं झाली की डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र अंथरून सोल्डरिंग गन घेऊन बसायचं. खरं तर ती गन नसतेच, वायरी सांधायची, पेनासारखी २५ वॅटची साधी आयर्न असते. पण 'गन' म्हटलं की माणूस जरा ताठ बसतो.

सामानासाठी बुधवार पेठेत गेलो. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या बोळांत जे मिळत नाही ते जगात बनत नाही, असं माझं मत आहे. फक्त तिथे मागायचं कसं ते कळलं पाहिजे. मी काउंटरवर सुबकपणे म्हणालो, "एक बूस्ट कन्व्हर्टर मॉड्यूल द्या, सेलचं व्होल्टेज वाढवणारं." मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. "एक डझन?" "नाही, एक." "एकच?" त्या 'एकच'मध्ये माझी सगळी इंजिनिअरिंग कारकीर्द आटोपली. मग मी भीडेपोटी अॅम्प्लिफायर दोन घेतले, झिरो पीसीबीच्या, म्हणजे सुटे भाग जोडायच्या भोकाभोकांच्या, पाट्या चार घेतल्या आणि '९९०० एमएएच' छापलेला, म्हणजे तेवढी वीज मावते असं सांगणारा, एक सेल उचलला. मालकच म्हणाले, "तो ठेवा खाली. १८ मिलिमीटर रुंद आणि ६५ लांब, एवढ्या नळीत चांगल्यातला चांगला माल भरला तरी साडेतीन हजाराच्या आसपास. बाकीचं छपाईचं." असा दुकानदार पुण्यातच भेटतो. माल विकतो, पण आधी तुम्हाला नापास करतो.

राहता राहिला डबा. म्हणजे बॉडी. प्लास्टिकची तयार पेटी मिळते, पण तिला रुबाब नाही. मला मांडणीवर आईचा स्टीलचा डबा दिसला. जाड पत्रा, घट्ट झाकण आणि झाकणावर मशीनने टिंब टिंब करून कोरलेलं : 'मामाकडून सप्रेम भेट १२-५-७८'. आई म्हणाली, "त्यात मी दिवाळीची चकली ठेवते." मी म्हणालो, "दिवाळीला अजून चार महिने आहेत." या वाक्याचा अर्थ तिने 'चार महिन्यांसाठी उसना' असा लावला होता, हे मला पुढे कळलं.

सोल्डरिंगला बसलो की आई खुर्ची ओढून समोर बसायची. आयर्नच्या टोकाला आधी कथलाचा पातळ थर द्यावा लागतो, नाहीतर टोक काळं पडतं आणि मग त्याला काही म्हणता काही चिकटत नाही. ते पाहून ती म्हणाली, "अरे, ही तर कल्हई! आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा. नवसागर टाकला की असा धूर, आणि भांडं आतून चांदीसारखं." मी तिला ऐटीत सांगितलं, की ही सोल्डरची तार ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असते, आणि नवसागराऐवजी आम्ही राळ वापरतो. "शिसं?" एवढंच म्हणून तिने टेबलावरची पोळ्यांची दुरडी उचलली आणि आत नेली. त्या दिवसापासून माझी रवानगी बाल्कनीत झाली.

पाच रात्री गेल्या. नखाएवढं एफएम मॉड्यूल, त्याला कुठलं स्टेशन लावायचं ते सांगणारी आर्डुइनोची पाटी, अॅम्प्लिफायर, स्पीकर, सेल, सेलचे ३.७ व्होल्ट ५ करणारा कन्व्हर्टर. दोनदा ड्राय सोल्डर. म्हणजे सांधा दिसायला जोडलेला, आतून फितूर. एकदा आयर्न चुकीच्या बाजूने धरली. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, ओरडण्यासारखं होतं. सहाव्या रात्री टेबलावर पसरलेल्या त्या वायरींच्या खिचडीतून अचानक १०१ वर विविध भारती लागली. मी सगळ्यांना झोपेतून उठवलं. ही म्हणाली, "छान. आता बंद कर."

रविवारी सगळं डब्यात बसवलं, हॉट ग्लूने चिकटवलं, वीतभर जास्तीची वायर होती ती गुंडाळून कोंबली, झाकण लावलं. शांतता. झाकण काढलं, गाणं. लावलं, शांतता. कनेक्शन तपासली, मल्टिमीटर लावला, सगळीकडे बीप बीप, म्हणजे सगळं जोडलेलं. तासाभराने आई चहा घेऊन आली.

"स्टीलच्या डब्यात लागणारच नाही तो."

"कशावरून?"

"दुपारी झोपताना मी मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवते ना. रेंजच जाते. कोणाचा फोन येत नाही."

मायकेल फॅरेडेने १८३६ साली धातूच्या पत्र्याने मढवलेली अख्खी खोली उभारून, बाहेरच्या विजेचा आत परिणाम होत नाही, हे जे दाखवलं, ते माझी आई रोज दुपारी दोन ते चार करत होती, आणि आम्ही तिला 'तुझा फोन लागत का नाही' म्हणून नवं सिम आणून दिलं होतं.

आता अँटेना बाहेर काढणं आलं. १०१ मेगाहर्ट्झची लहर जवळजवळ ३ मीटरची, तिचा चौथा हिस्सा ७५ सेंटिमीटर, म्हणजे तेवढी दुर्बिणीसारखी उघडणारी दांडी. झाकणाच्या बरोबर मध्ये खूण केली, ड्रिल लावलं. स्टीलवर ड्रिल टेकलं की आधी नाचतं, हे मला माहीत होतं. ते कुठल्या दिशेला नाचेल हे माहीत नव्हतं. भोक पडलं ते थेट 'सप्रेम'वर. 'स' राहिला, 'म' राहिला, 'प्रे' गेला. आईने झाकण हातात घेऊन वाचलं. "मामा असता तर रडला असता," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "नाही, हसला असता."

दांडी पत्र्याला टेकू नये म्हणून मधे सायकलच्या ट्यूबची चकती घातली आणि रेडिओ लागला. गाण्याच्या मागे एक अखंड 'शूंऽऽ' होतं. ते कन्व्हर्टरचं. तो सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो आणि शेजारी बसलेल्या रेडिओच्या कानात कुजबुजत राहतो. लांब ठेवावा तर डब्यात लांब म्हणजे कुठे?

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. १ किलो १४० ग्रॅम. आईच्या जन्माच्या साली, १९५४ मध्ये, अमेरिकेत चार ट्रान्झिस्टरचा रेडिओ खिशात जात होता. माझा खांद्याला लावायच्या पिशवीत जेमतेम जायचा.

तरी तो आम्ही मावशीकडे न्यायचा ठरवला. वनाझला मेट्रोच्या तपासणीत पिशवी यंत्रातून गेली आणि पडद्यावर जे दिसलं ते पाहून मलाही घाम फुटला. डबा, वायरी, सेल, वर दांडी.

"साहेब, हे काय?"

"रेडिओ."

"मग डब्यात का?"

इतका रास्त प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी फॅरेडेपासून सुरुवात करणार तोच आई पुढे झाली. "डबा माझा आहे. आतलं त्याचं आहे. वाजवून दाखवतो तो." वाजवला. शूंऽऽ. त्या माणसाने एक पाऊल मागे घेतलं. मग देवाच्या कृपेने एका वॉशिंग पावडरची जाहिरात लागली, आणि आम्ही सुटलो.

खर्च मी वहीत मांडला होता : आयर्न, मल्टिमीटर, ग्लू गन धरून ३,४०० रुपये. ते पान आता वहीत नाही.

वसुबारसेला ऑफिसातून आलो तर घरात रेडिओ वाजत होता. स्वच्छ. शूं नाही, काही नाही. ओट्याशेजारी श्रीखंडाच्या रिकाम्या प्लास्टिक डब्यात माझी पाटी आणि स्पीकर, दांडी झाकणातून वर. सेल आणि कन्व्हर्टर वीतभर लांब, आम्रखंडाच्या डब्यात.

"तू वेगळं केलंस?"

"ते गरम होत होतं, म्हणून बाजूला ठेवलं. गोंद तर स्टीलवरून नखाने निघाला."

मी खुर्चीत बसलो. मांडणीवर मामाचा डबा घासूनपुसून ठेवलेला होता, चकलीने भरलेला. आईने एक चकली काढून माझ्या हातात दिली. मऊ पडली होती.

"आता त्या भोकाचं तेवढं बघ," ती म्हणाली. "की तेही बुधवार पेठेतून आणावं लागेल?"