फॉर्मल नाईट म्हणे!

क्रूझवर फॉर्मल नाईट ठेवायची असेल तर नीट ठेवा, नाहीतर सरळ बंद करा. माणसांना नटूनथटून जेवायला यायला लावायचं आणि मग केचपच्या माऱ्यात नेऊन बसवायचं, हा काय चावटपणा आहे? फ्लोरिडातून सुटणाऱ्या एका फॅमिली क्रूझवरून परत आलोय आणि माझं डोकं अजून ताळ्यावर आलेलं नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, नवरा म्हणतो उगाच वकील लागतील मागे.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीने हौसेने तिकिटं काढून दिली. पोर्ट कॅनाव्हरलहून निघायचं, कॅरिबियन फिरून परत. त्यात एक संध्याकाळ फॉर्मल. ही रात्र बहुतेक वेळा समुद्रातल्या दिवशी ठेवतात, म्हणजे बंदरावर उतरून कोणी दमलेलं नसतं आणि दुपारभर नटायला वेळ मिळतो. एवढा विचार केलाय त्यांनी. त्यापुढचा कोण करणार?

त्या एका संध्याकाळसाठी मी पैठणी, नथ आणि नवऱ्याचा बंदगळा न्यू जर्सीहून वाहून नेला. बॅगेचे जादा पैसे भरले. जेवणाची वेळ सव्वाआठची मागितली होती, मिळाली पावणेसहाची. पावणेसहा! बाहेर लख्ख ऊन. या वेळेला आपल्याकडे लोक चहाचे कप विसळत असतात आणि आम्ही पैठणी नेसून डिनरला निघालोय. उशिराची पाळी भरली म्हणे. प्रौढांसाठी वेगळं रेस्टॉरंट आहे, तिथे जादा पैसे मोजायची आमची तयारी होती, पण त्याची आरक्षणं जुन्या गिऱ्हाइकांना आधी उघडतात. आम्ही पहिल्यांदाच आलेले, आमच्या वाट्याला काय उरणार, कप्पाळ?

दारात उभ्या असलेल्या मुलीने नवऱ्याचा बंदगळा वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि गोड आवाजात विचारलं, "टाय नाही का, सर?" बंदगळ्याला टाय! तो बिचारा गळ्यापर्यंत लावलेली बटणं दाखवतोय, आणि तेवढ्यात त्याच्या बाजूने एक गृहस्थ हाफ पँट, रबरी चपला आणि डोक्यावर कार्टूनचे कान असलेली टोपी घालून आत सटकले. त्यांना कोणी हटकलं नाही. आदल्या रात्री खोलीत ठेवलेल्या कार्डावर मात्र ठळक अक्षरांत होतं, हाफ पँट आणि चपला चालणार नाहीत. मग कोणाच्या चालणार नाहीत? ज्यांनी कार्ड वाचलं त्यांच्याच ना?

आत आठ जणांचं टेबल. दोघांचं टेबल मागितलं तर "फॅमिली शिप आहे ना मॅडम" हे उत्तर. माझ्या आणि नवऱ्याच्या मध्ये हाय-चेअर, आणि हाय-चेअरमध्ये दीड-दोन वर्षांचं गुबगुबीत ध्यान. त्याचा काही दोष नाही, आधीच सांगते. त्या पोराला बो-टाय घातला होता, तो त्याला टोचत होता आणि तो ओरबाडून काढायचा एवढाच त्याचा कार्यक्रम होता. तो निघाला, सुपात पडला. मग त्याची नजर माझ्या पदरावर गेली. पदरावर मोर आहेत. मोर कोणाला आवडत नाहीत? मॅकरोनी-चीजने माखलेल्या चारही बोटांनी त्याने एक मोर घट्ट धरला आणि सोडेचना. आई म्हणाली, "ओह, ही लव्ह्ज कलर्स!" अगं बाई, माझा जरीचा पदर आहे तो, तुझ्या पोराचं चित्रकलेचं पुस्तक नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. पण मग गाणं लागलं आणि सगळ्यांनी उभं राहून डोक्यावर नॅपकिन गरगर फिरवायचे. मेन कोर्स अर्धा ताटात. मग बेक्ड अलास्का नावाच्या आइस्क्रीम-केकची मिरवणूक, पूर्वी त्याला खरी आग लावायचे, आता वर लुकलुकणारे दिवे. मग मोठ्या मुंडक्याचं एक कार्टून टेबलाटेबलावर फोटोला आलं. नवरा मला काहीतरी सांगत होता. पंचवीस वर्षांत तो आपणहून काही सांगतो अशा वेळा फार नाहीत हो! ते राहिलंच.

सगळ्यात कीव आली वेटरची. गोव्याचा, सासष्टीकडचा मुलगा. आमचं मराठी ऐकून खूश झाला, मधेच कोंकणीत घसरायचा. महिनोन्महिने घर सोडून राहायचं, एकाच वेळी तीन-चार टेबलं, त्यावर हसतमुख राहून नाचायचंही. "काय करणार मॅडम, कंपनी सांगते," म्हणाला आणि पदरासाठी सोडा आणून दिला. त्या रात्री आमच्याशी माणसासारखं वागलेला तो एकटाच.

आता कोणीतरी म्हणेलच, मग मुलं नसलेल्या बोटीवर जायचं ना. बरं. व्हर्जिन व्हॉयेजेसच्या बोटींवर अठरा वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही, आणि तिथे फॉर्मल नाईटही नाही. नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीने तर 2000 साली ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल, ठरलेले कपडे हे सगळं सोडूनच दिलं. उलट क्युनार्ड कंपनीची क्वीन मेरी 2 ही बोट, तिथे अजून गाला इव्हिनिंग, म्हणजे नटून यायची रात्र, असते, पण मुलांचं खाणं संध्याकाळी लवकर वेगळं उरकतात, मुलं सांभाळायला माणसं आहेत, आणि ज्यांना नटायचं नाही त्यांना बसायला वेगळ्या जागा आहेत. म्हणजे ज्यांना हा प्रकार जमतो ते नीट करतात आणि ज्यांना जमत नाही त्यांनी सोडून दिला. मग हे लोक का धरून बसलेत?

फोटोसाठी! दुसरं काय. जेवणाच्या दालनाबाहेर एका ओळीत खोटे जिने, खोटा सूर्यास्त, खोटं झुंबर असे पडदे टांगलेले, प्रत्येकापुढे फोटोग्राफर, आणि रांगेत रडवेली, झोपेला आलेली, इस्त्रीच्या कपड्यांत आवळलेली पोरं. एकेका फोटोला वीस डॉलरच्या वर. बाहेर खरा सूर्यास्त चाललाय, तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. बोटीवर मुलांसाठी मध्यरात्रीपर्यंत चालणारा क्लब आहे, पोरं तिथे आनंदाने पिझ्झा खात बसली असती. पण मग पूर्ण कुटुंबाचा फोटो कसा विकणार?

दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन काउंटरवर गेले. समोरच्या बाईंनी मान तिरकी करून सगळं ऐकलं, टाइप केलं, "आय टोटली अंडरस्टँड" म्हणाल्या. संध्याकाळी खोलीत चॉकलेटमध्ये बुडवलेल्या स्ट्रॉबेऱ्या आणि पलंगावर टॉवेलचा हत्ती. पैठणीच्या ड्रायक्लीनिंगचं विचारलं तर बोटीवरच्या लॉन्ड्रीचा दरफलक हातात दिला. टिप म्हणून माणशी रोजचे डॉलर मात्र न विचारता खात्यावर चढलेले. ते त्या गोव्याच्या मुलाला मिळत असतील तर खुशाल घ्या, पण मिळतात किती ते कोण सांगणार?

एवढ्या मोठ्या बोटीवर जेवणाची तीन दालनं आहेत. सात रात्रींतून एक रात्र त्यातलं एक दालन मोठ्यांसाठी ठेवता येत नाही? उतरायच्या आदल्या दिवशी पुढच्या ट्रिपचं बुकिंग घेणारा माणूस मात्र आम्हाला शोधत आला. "मॅडम, पुढच्या वेळी कपल्ससाठी आमचं खास पॅकेज आहे." मी विचारलं, त्यात दोघांचं टेबल मिळतं का? नाही म्हणाला. फोटोफ्रेम मिळते.