कुत्र्याचो इमो

कुत्र्याचा विमा म्हटलं की वाडीतली पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "माझोच कोणी काढूक नाय अजून!" तिकडे कानाडोळा करून फॉर्म उघडावा, तर 'जात' या रकान्यातच अडतं. आपलं जनावर गावठी, अंग नारळाच्या सोडणाच्या रंगाचं, तोंड काळं, आणि वाडीतली निम्मी कुत्री हुबेहूब तशीच. लाजू नये, 'देशी' लिहावं. फक्त पॉलिसी देशी कुत्रा घेते का, ते आधी विचारावं. ओळखीसाठी फोटो चालतात, पण या प्रजेला मायक्रोचिप बरी. तांदळाच्या दाण्याएवढी, कातडीखाली, 15 आकडी नंबर. ती वाचणारं यंत्र आपल्या डॉक्टरांकडे आहे ना, एवढं विचारून मगच टोचा. आणि नाव एकच ठेवा. घरात बाळ्या, लसीच्या पुस्तकात टायगर आणि पॉलिसीत टॉमी असेल, तर क्लेमच्या वेळी ते तीन कुत्रे होतात.

मला विचाराल तर हप्ता सगळ्यात शेवटी बघावा. आधी 'काय मिळणार नाही' ते पान. पॉलिसी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सोफ्यावरचा लॅब्रेडोर असतो. आपला बाळ्या रात्रभर काजूच्या बागेत.

गोचिडीचा तापच घ्या. रक्ताची तपासणी, प्लेटलेट घसरलेल्या, डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या साधारण 28 दिवस. बरेच प्लॅन दाखल केल्याशिवाय पैसे देत नाहीत. इथे दाखल कुठे करणार? दवाखान्याच्या पडवीत खिडकीच्या गजाला सलाईन टांगतात, आपण बाटली संपायची वाट बघत शेपटीवरच्या माश्या हाकायच्या आणि संध्याकाळी रिक्षाने घरी. याला ओपीडी म्हणतात. त्याचं कलम नसेल तर दमडी मिळत नाही.

लेप्टो या तापाचं वेगळंच, तिथे अडतं ते लसीवर. शेतातल्या पाण्यात उंदराचं मूत, तेच पाणी बाळ्या पितो. पण लस चुकली असेल तर क्लेम बाद. सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी. स्टिकर, तारीख, सही-शिक्का तिथल्या तिथे बघा आणि पानाचा फोटो काढा, कारण श्रावणापर्यंत पुस्तकाला बुरशी धरते. पॉलिसी घेतल्यावरही आजारासाठी बहुधा 15 ते 30 दिवस थांबावं लागतं, तेव्हा मिरगाच्या तोंडावर धावपळ नको; एप्रिलातच उरका.

फुरसं चावलं तर तो 'अपघात' धरतात का, ते लेखी घ्या. बिल समजा 15,000, त्यात मान्य 12,000, त्यातले 20 टक्के आपण सोसायचे: हाती 9,600.

बिबट्याचं मात्र अवघड. मृत्यूच्या क्लेमला शवविच्छेदनाचा दाखला लागतो, आणि बिबट्या बहुतेक वेळा पट्टाच तेवढा ठेवतो. चोरीच्या कलमात बसवायचं तर पोलीस तक्रार हवी. आरोपी अख्ख्या गावाला ठाऊक, पत्ता: रान.

काही पॉलिसींत कुत्र्याने दुसऱ्याचं केलेलं नुकसानही भरून देतात. पण त्यासाठी शेजाऱ्याने लेखी मागणी करायला हवी. तो कोंबडीचे पैसे रोख घेतो, उरलेली कोंबडीही नेतो, आणि रात्री खोबऱ्याच्या वाटपाचा वास आपल्याच पडवीत येतो.