बारीक पिन आहे का?

पंधरा-वीस वर्षांपूर्वी मुक्कामाला आलेला पाहुणा हातपाय धुऊन, चहा घेऊन झाला की हळूच विचारायचा, "बारीक पिन आहे का?" नोकियाच्या चार्जरची पिन दोन जाडीची असे. जुनी जाड, साडेतीन मिलिमीटरची. नंतरची बारीक, दोन मिलिमीटरची. त्यामुळे उत्तरंही दोनच असायची: "आहे" किंवा "जाड आहे". जाड असली की पाहुणा शेजारी विचारायला जायचा. तेवढीच शेजाऱ्यांची ओळख व्हायची.

आता पाहुणा "सी टाइप आहे का?" विचारतो आणि घरातले चौघे एका सुरात "आहे!" म्हणतात. खरा छळ तिथून पुढे सुरू होतो. वायर बसते, पण मोबाइल चार्ज होत नाही. झालाच तर रात्री अकराला लावलेला सकाळी ६४ टक्क्यांवर असतो. तीच वायर लॅपटॉपला लावली तर तो चार्जिंगचं चिन्ह दाखवतो आणि चिन्ह दाखवत दाखवत बंद पडतो.

'जरा बघ ना' हे खातं प्रत्येक घरात कुणा एकाच्या गळ्यात असतं. ते माझ्या गळ्यात असल्यामुळे या तक्रारी माझ्याकडे बारमाही येतात. त्यांचा आणि जोडीला आलेल्या बातम्यांचा आज एकदमच निकाल लावतो.

आधी मोठी बातमी. युरोपियन युनियनने कायदा करून २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइल, टॅबलेट, कॅमेरे, हेडफोन वगैरे सगळ्यांना यूएसबी सी हे एकच तोंड सक्तीचं केलं. लॅपटॉपना सवलत देऊन २८ एप्रिल २०२६ ही तारीख दिली. ॲपलने २०१२ पासून जिवापाड जपलेलं लायटनिंगचं तोंड सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ आणताना निमूटपणे सोडलं, त्यामागे हाच बडगा होता. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोने २०२३ च्या जानेवारीत सी टाइपचं मानक प्रसिद्ध केलं. कायदा चांगलाच आहे. जलद चार्जिंग होणाऱ्या यंत्राला पीडी, म्हणजे पॉवर डिलिव्हरी नावाची सामाईक भाषा आलीच पाहिजे, असंही त्यात आहे. फक्त आपल्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये वेटोळं घालून बसलेल्या सात वायरींना या कायद्याचा पत्ता नाही. सातही दिसायला जुळ्या बहिणी, आणि गुण सात तऱ्हेचे.

त्यात ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर गायब झाला. कारण पर्यावरणाचं. पाठोपाठ इतरांनाही पर्यावरणाचा कळवळा आला. ब्राझीलच्या सरकारला हा कळवळा पटला नाही. त्यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये दंड ठोकून बिनचार्जरचे आयफोन विकायला बंदी घातली. आपण मात्र जगभरातली सोशिक जनता. खोक्यात वायर आहे ना, मग ठोकळा घरातला कुठलाही लावू, म्हणतो. त्या 'कुठलाही'पाशीच घोडं पेंड खातं.

तक्रार पहिली, आणि उन्हाळ्यात हमखास येणारी: "छोटा पंखा नव्या चार्जरवर चार्ज होत नाही, पण जुन्या चार्जरवर होतो. नवा चार्जर बाद आहे का?" पंख्याच्या जागी ट्रिमर, कानातली बटणं, विजेरी किंवा डास मारायची बॅट घाला, उत्तर तेच. चार्जर बाद नाही. जुना, चपट्या आयताकृती ए तोंडाचा चार्जर म्हणजे सदावर्त. दारात कोण आलंय हे न विचारता ५ व्होल्ट वाढून मोकळा. सी तोंडाचा चार्जर हा फ्लॅटमधला माणूस. आधी साखळी लावून विचारणार, कोण आहे? यंत्राने 'मी आहे, मला वीज हवी' हे सांगायचं असतं ते ५.१ किलोओहमच्या दोन रेझिस्टरनी, सीसी नावाच्या दोन पिनांवर. हे रेझिस्टर पैशांच्या भावात मिळतात. पण दोनशे रुपयांच्या पंख्यात तेही वाचवलेले असतात. मग पंखा दारात मुका उभा राहतो आणि चार्जर दार उघडत नाही. उपाय फुकट आहे. अशा वस्तूंना एका टोकाला ए आणि दुसऱ्या टोकाला सी असलेली वायर आणि जुना ठोकळा वापरा. तेवढ्यासाठी तरी जुना ठोकळा भंगारात देऊ नका.

तक्रार दुसरी: "चांगला ६५ वॉटचा चार्जर आणला, तरी मोबाइल मुंगीच्या पावलांनी चार्ज होतो." याच्या पोटातच पोटप्रश्न येतो, तो आधी उरकू: मोठ्या चार्जरने मोबाइल जळेल का? नाही. टाकीत हजार लिटर पाणी आहे म्हणून तांब्या फुटत नाही. किती घ्यायचं ते मोबाइल ठरवतो.

हे ठरतं कसं, ते मात्र ऐकण्यासारखं आहे. वायर जोडल्यावर पहिल्या काही क्षणांत चार्जर आणि मोबाइल यांची रीतसर बैठक बसते. चार्जर यादी पुढे करतो: ५ व्होल्टला ३ अँपिअर, ९ व्होल्टला ३, १५ ला ३, २० ला सव्वातीन. मोबाइल यादी वाचून एक ओळ निवडतो. चार्जर होकार देतो, व्होल्टेज वाढवतो आणि तयार असल्याचा निरोप पाठवतो. याद्या झाल्या की लग्न लागलं. आता सॅमसंगच्या २५ वॉटच्या मोबाइलला यादीत पीपीएस नावाची ओळ लागते. पीपीएस म्हणजे व्होल्टेज २० मिलिव्होल्टच्या बारीक पायऱ्यांनी हवं तसं कमी-जास्त करण्याची सोय. तुमच्या ६५ वॉटवाल्याकडे ती ओळ नसली तर हा मोबाइल साधारण १५ वॉटवर समाधान मानतो आणि उरलेले ५० वॉट भिंतीवर शोभेला राहतात. ओप्पो आणि वनप्लसच्या घराण्यात तर वेगळीच रीत. तिथे ८० वॉट हवे तर ठोकळा आमच्यातलाच पाहिजे आणि वायरही आमच्यातलीच. परक्या चार्जरशी संसार होतो, पण मॉडेलप्रमाणे कमी वॉटवर, मन मारून.

म्हणून चार्जर घेताना पुढच्या मोठ्या अक्षरातला आकडा वाचू नका. पाठीमागे मुंगीच्या अक्षरात 'आउटपुट' लिहिलेलं असतं ते वाचा. दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. मोबाइल बंद पडला म्हणूनच चार्जर घ्यायला आला असाल, तर दुकानदाराचा मागा. '९ व्होल्ट २.२२ अँपिअर' असेल तर गुणाकार २० वॉट. 'पीपीएस' आणि पुढे '३.३ ते ११ व्होल्ट' असं काही दिसलं तर सॅमसंगवाल्यांनी तोच उचलावा. दोन-तीन तोंडांचा चार्जर असेल तर ६५ हा आकडा एकाच तोंडाचा असतो. दुसऱ्यात वायर खुपसली की वाटणी होते, ती कशी तेही तिथेच लिहिलेलं असतं. आणि मानक ब्युरोचा 'आर' व त्यापुढे आठ आकडे असलेला नोंदणी क्रमांक शोधा. बीआयएस केअर या ॲपमध्ये तो टाकला की कुठल्या कंपनीचा ते कळतं. स्टेशनबाहेर पथारीवर मिळणाऱ्या ठोकळ्यावरही हा क्रमांक छापलेला असतो. ॲपमध्ये टाकल्यावर तो कधी कधी भलत्याच वस्तूचा निघतो.

आता वायर. सर्वांत मोठी लबाड तीच. साधी सी ते सी वायर ३ अँपिअर नेते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्याहून जास्त, ५ अँपिअर न्यायचे तर तिच्या टोकात ई-मार्कर नावाची चिप लागते. बैठकीतला मध्यस्थच तो. 'मुलीकडचं मला माहीत आहे, पाचपर्यंत झेपतं' असं त्याने सांगितल्याशिवाय चार्जर पुढे सरकत नाही. लॅपटॉपचा १०० वॉटचा चार्जर मोबाइलच्या वायरीने लावलात तर ६० च्या वर जाणार नाही. बंद पडत पडत चिन्ह दाखवणाऱ्या त्या लॅपटॉपचं रहस्य बहुधा हेच. सॅमसंगच्या ४५ वॉटलाही ५ अँपिअरचीच वायर लागते. नव्या वायरींवर '६० वॉट' किंवा '२४० वॉट' छापायची पद्धत आली आहे. छापलेलं नसेल तर ६०च समजा.

बरं, वीज नेली म्हणजे फोटो नेले असं नाही. मोबाइलच्या खोक्यातली वायर बहुतेक वेळा यूएसबी २ ची असते. कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात ३५-४० मेगाबाइट. भाचीच्या लग्नाचं ५० जीबीचं चित्रीकरण त्यातून उतरवायला पंचवीसेक मिनिटं लागतात. मोबाइल, वायर आणि हार्ड डिस्क तिघंही वेगवान असतील तर तेच काम दोन-तीन मिनिटांत होतं. आणि "सी टाइपची वायर टीव्हीला लावली, चित्र का येत नाही?" असं विचारणाऱ्यांना सांगतो: चित्र बाहेर पाठवायची सोय मोबाइलमध्येच असावी लागते. स्वस्त मोबाइलमध्ये ती नसते. वायर कितीही महाग आणा, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणखी एक तक्रार मला मनापासून आवडते, कारण तिचा खर्च शून्य. "वायर ढिली झालीय, विशिष्ट कोनात धरली तरच चार्ज होतो." माणसं उशीखाली, डब्यावर, पोथीखाली मोबाइल टेकवून तो कोन सांभाळतात आणि शेवटी नवी पिन बसवून घ्यायला दुकानात जातात. दहातल्या निम्म्या वेळा आत नुसता खिशातला कापूस असतो. वायर घालताना तो रोज थोडा थोडा ठासला जातो आणि तळाशी त्याची गादी होते. ओळखायचं कसं? वायर पूर्ण घातल्यावर तिचा धातूचा भाग मिलिमीटरभर बाहेर डोकावत असेल आणि 'टक' असा आवाज येत नसेल तर आत गादी आहे. मोबाइल बंद करा. दात कोरायची लाकडी काडी ब्लेडने चपटी करा. खाचेच्या मधोमध एक पातळ जीभ असते, तिला धक्का न लावता भिंतीच्या कडेने काडी आत घाला आणि तळापासून बाहेर ओढा. निघणारा ऐवज पाहून संकोच वाटेल. टाचणी, सेफ्टी पिन, कानातलं कोरणं यांतलं काही नको. चोवीस पिना तिथे मिलिमीटरपेक्षाही कमी अंतरावर बसलेल्या असतात, धातू लागला की खेळ खलास. आणि फुंकर मारू नका. तिच्यात हवेपेक्षा थुंकीच जास्त असते.

थुंकीवरून पाऊस. जून ते सप्टेंबर 'पोर्टमध्ये ओलावा आहे' असा इशारा दिसला की लोक मोबाइल तांदळात पुरतात. ॲपलने २०२४ च्या सुरुवातीला आपल्या सूचनांत स्पष्ट सांगितलं, तांदळात ठेवू नका, कण आत जाऊन नुकसान होईल. बासमती असो की आंबेमोहोर, उपयोग नाही. खाच खाली धरून तळहातावर हलके आपटा, पंख्याखाली कोरड्या जागी ठेवा, अर्ध्या तासाने पाहा. पूर्ण वाळायला एखादा दिवसही लागतो. हेअर ड्रायर नको, कापसाची काडीही नको. इशारा डावलून चार्जिंग केलं तर पाणी आणि वीज मिळून पिना गंजवतात, मग मात्र दुकान गाठावंच लागतं. वायरलेस चार्जिंग असेल तर पाठ कोरडी करून त्यावर ठेवता येतो. तांदूळ भाताला ठेवा.

शेवटी पॉवर बँकेची बातमी, विशेषतः मुलाबाळांकडे दुबईला निघालेल्या आई-वडिलांसाठी. १ ऑक्टोबर २०२५ पासून एमिरेट्सच्या विमानात पॉवर बँक वापरायला बंदी आहे. १०० वॉट-अवरच्या आतली एक जवळ ठेवता येते, पण तिने मोबाइल चार्ज करायचा नाही आणि तीही विमानात चार्ज करायची नाही. चेक-इनच्या बॅगेत तर कुठल्याच कंपनीला ती चालत नाही, कारण सामानाच्या पोटात पेटली तर विझवणार कोण? वॉट-अवर काढायचा हिशेब सोपा: २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, गुणिले ३.७ व्होल्ट, झाले ७४. चालते. ३०,००० ची घेतली असेल तर १११. मुलाला आधीच सांगून ठेवा.

याच ३.७ मध्ये आणखी एका जुन्या भांडणाचं उत्तर आहे. "पॉवर बँक १०,००० ची, मोबाइल ५,००० चा, मग दोनदा का भरत नाही? दुकानदाराने फसवलं." फसवलं नाही. १०,००० हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा. बाहेर ५ व्होल्टने देताना तेच ७,४०० होतात, त्यातले काही उष्णतेत जातात आणि हातात सहा-साडेसहा हजार उरतात. खोक्यावर 'रेटेड कपॅसिटी' म्हणून तो खरा आकडा लिहिलेला असतो. अर्थातच मुंगीच्या अक्षरात. मोबाइलचे ५,०००ही सेलच्याच व्होल्टेजवरचे, म्हणजे ५ व्होल्टच्या हिशेबात साधारण ३,७००, पण घेताना तोही थोडं सांडतो. दीडदा भरला तर पॉवर बँक सज्जन आहे असं समजा.

आता एवढं वाचल्यावर तरी ड्रॉवर उपसा. प्रत्येक वायर लॅपटॉपला लावून पाहा: मोबाइलवर 'फाइल ट्रान्सफर'ला होकार देऊनही त्यातले फोटो दिसले नाहीत तर ती बहुधा फक्त चार्जिंगची. मोबाइलवर 'जलद चार्जिंग' येतं का ते एकेका ठोकळ्यावर तपासा. हौस असेल तर वॉट दाखवणारा छोटा मीटर काही शे रुपयांत मिळतो. मग मेडिकलमधली पांढरी चिकटपट्टी घ्या, बॉलपेनने लिहा आणि वायरीच्या टोकाला गुंडाळा: 'पंखा', 'फोटो', 'फक्त रात्री', 'लॅपटॉप, १०० वॉट, हात लावू नये'.

पुढचा पाहुणा सी टाइप मागेल तेव्हा पटकन सापडेल. आणि तो गेल्यावर ड्रॉवर उघडाल तेव्हा 'पंखा' असेल, 'फोटो' असेल, 'फक्त रात्री' असेल.