दोन पायांचा रणगाडा, आपल्याच वावरात

राजेहो, पांदण रस्त्याचा अर्ज तहसीलमध्ये धूळ खात पडला असेल, तर खचू नका. रस्ता लागणारच नाही असं वाहन बांधा. साठ फूट उंच, दोन पायांचं, खांद्यावर तोफ. खुळचटपणा वाटतो? अमेरिकी सैन्यालाही 1960च्या दशकात असंच सुचलं होतं. जनरल इलेक्ट्रिकने चार पायांचा ट्रक बनवला. आत बसलेल्या माणसाने स्वतःच्या हातापायांनी ते चारही पाय हलवायचे. पंधराएक मिनिटांत गडी गळून जायचा. तुमच्याकडे दिवसभर डवरणी करणारे आहेत, ते अर्धा तास तरी काढतील.

उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं, पायाची ताकद मात्र चौपटच. गॅलिलिओने हे 1638 मध्ये लिहून ठेवलंय, पण तो काही आपल्या तालुक्याचा नव्हता, सोडा. यंत्र 60 टनांचं धरू. चालताना एक पाय हवेत, म्हणजे सगळा भार एकाच पावलावर. पाऊल दोन मीटर लांब, एक मीटर रुंद केलं, तरी चौरस सेंटिमीटरला तीन किलो. टी-72 रणगाडा 41 टनांच्या वरचा, पण रुंद पट्ट्यांमुळे त्याचा भार किलोच्या आसपास पडतो. झडीत काळ्या जमिनीत ट्रॅक्टर एक्सलपर्यंत बसतो. तुमचं यंत्र गुडघ्यापर्यंत जाईल. बरंच झालं, तेवढाच शत्रूचा नेम चुकेल.

खर्चाचं म्हणाल, तर जपानमध्ये 2023 साली साडेचार मीटर उंच, साडेतीन टनांचा एक यंत्रमानव 40 कोटी येनला विकायला निघाला. तेव्हाचे साधारण 22 कोटी रुपये. आणि तो फिरतो चाकांवर! पायांचा वरखर्च सोसायटीच्या पीककर्जात बसवून घ्या.

खरंच चालणारं धूड बघायचं असेल, तर उघड्या कोळसा खाणीतली ड्रॅगलाइन, म्हणजे दोरांनी बादली ओढून माती उपसणारं अजस्र यंत्र, बघा. गोल तळावर बसायचं, दोन्ही बाजूंची पावलं टेकून अंग उचलायचं, थोडं सरकायचं, पुन्हा बसायचं. तासाला जेमतेम दोनेकशे मीटर. शेजारून बैलबंडी निघून जाते.

म्हणून शत्रूला तारीख आधीच कळवा. पावसाळ्यात नको, यंत्र रुततं. हिवाळ्यात कपाशी उभी असते, तुडवली तर पंचनामा कोण करणार? उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, पाय अडकला तर काढायचा कसा? शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटून होईपर्यंत आठवडाभर सवड मिळते. त्यातही लग्नाच्या तिथी सोडून.